अर्ध्या पानातली चतुराबाई

जिल्हा परिषद शाळा, खडकदरा,
ता. चांदवड
६ जानेवारी २०२५

माननीय संपादक वासुदेवराव गायधनी,
त्रैमासिक ‘गतवृत्त’, पंचवटी, नाशिक

सर, तुम्हाला चार वेळा फोन केला. चारही वेळा ‘संशोधनविषयक चौकशी टपालाने करावी’ एवढंच बोलून तुम्ही ठेवून दिलात, म्हणून हे पत्र. याआधी मी शेवटचं पत्र दहावीच्या पेपरात मामाला लिहिलं होतं, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची नांदगावची. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन इथे शिक्षिका म्हणून आले. दिवाळीआधी शाळेचं कपाट आवरताना तुमच्या त्रैमासिकाचा १९९१ सालचा एक अंक सापडला. त्यातला पहिला लेख वाळवीने खाल्ला होता आणि दुसरा मला कळला नाही, पण एका पानावर खाली अर्ध्या जागेत ‘जुन्या दप्तरातून’ म्हणून थोडा मजकूर होता. तो उतरवून देते:

‘शके १७१२ साली सरदाराची फौज मौजे खडकदरा येथे उतरली. जातेसमयी गावची काहील घेऊन गेली. गावातील चतुराबाई तीन मजला मागे चालोन छावणीत पावली आणि काहिलीत ठाण मांडोन बसली. स्वयंपाक राहिला. फौज उपाशी. शेवटी सरदारे हात जोडोन काहील गाडीवर घालोन परत दिली.’

सर, आमच्या मारुतीच्या देवळात खरोखर तांब्याची भली मोठी काहील आहे. जत्रेची आमटी तिच्यातच होते. मी मुलांकडून या गोष्टीचं नाटक बसवलं. ते बघून बायका आधी पोट धरून हसल्या, आणि पुढच्या ग्रामसभेला एकेचाळीस जणी जाऊन बसल्या. आजवर तिथे एकही बाई बसलेली नव्हती. शाळेचे पत्रे तीन वर्षं गळत होते. बायका म्हणाल्या, आम्ही चतुराबाईच्या गावच्या, पत्र्यांचं ठरल्याबिगर उठणार नाही. नवव्या दिवशी पत्रे आले.

आता अडचण सांगते. माघ पौर्णिमेला, म्हणजे १२ फेब्रुवारीला जत्रा आहे. काहील देवळाबाहेर काढताना पहिला हात चतुराबाईच्या वारसदारणीचा लागावा असं ठरलं. पण ती गावची लेक होती की सून? लेकींच्या बाजूने फुलाबाई आहेत, वय ऐंशी, आवाज पंचविशीतला. सुनांच्या बाजूने अंगणवाडीच्या सुमनबाई. दोघींचं बोलणं बंद आहे. आणि माजी सरपंच कोंडाजीआबा ओट्यावर बसून मजा बघतायत. ते सगळ्यांसमोर म्हणाले, ‘कागद दाखवा. कागद नाय तर बाई नाय. आन् बाई नाय, तर सभेत बायकांची सतरंजी बी नाय.’

तेव्हा मूळ कागदाची एक प्रत लवकर पाठवा, ही हात जोडून विनंती.

आपली,
हर्षाली गांगुर्डे

*

पंचवटी, नाशिक
११ जानेवारी २०२५

श्रीमती गांगुर्डे यांस नमस्कार.

पत्र पावले. ‘माननीय’ हा शब्द खोडून वाचले. अडुसष्ट वर्षांत एकही अंक न चुकवलेल्या त्रैमासिकाच्या संपादकाला विशेषणे लागत नाहीत. आपण अंकाचा क्रमांक दिलेला नाही, पृष्ठ दिलेले नाही, आणि वाळवीने खाल्लेल्या लेखाचे नावही दिलेले नाही. तो लेख माझा होता.

‘गतवृत्त’चे संस्थापक नानासाहेब यांनी पहिल्याच अंकात दोन नियम घालून दिले. पुराव्यावाचून एक ओळ छापायची नाही, आणि अंकात कोरी जागा सोडायची नाही. हे दोन्ही नियम आम्ही डोळ्यांत तेल घालून पाळत आलो आहोत. तेव्हा मजकूर छापला आहे म्हणजे कागद असणारच. तो कुठे आहे, हा वेगळा प्रश्न आहे. आमच्या खोलीत कागदांचे एकशे चौदा रुमाल बांधलेले आहेत आणि ते ज्यांनी लावले ते गृहस्थ वारले. शोध चालू आहे, पण संशोधनाला घाई मानवत नाही. एका सनावळीसाठी मी स्वतः सहा वर्षे थांबलो होतो, आणि ती शेवटी चुकीची निघाली.

दरम्यान आपण काहिलीची मापे घेऊन पाठवावीत. तिच्यावर काही नाव घातले आहे का, तेही पाहावे. आपल्याकडे वाटी-फुलपात्रावरही नाव घालतात, गावच्या काहिलीवर नसेल असे वाटत नाही.

लेक की सून याविषयी संपादक मत देत नसतो.

वा. स. गायधनी

*

खडकदरा
१८ जानेवारी २०२५

सर, नमस्कार.

मापं घेतली. काहिलीचं तोंड साडेचार फूट, खोली दोन फूट. काठावर ‘मारुती देवस्थान, खडकदरा’ असं नाव आहे, पण ते चार वर्षांपूर्वी घातलंय. बुडाला चार बोटं काजळीचा थर आहे. काहील उलटी करायला आठ माणसं लागतात आणि सध्या गावात आठ माणसं एका बाजूची मिळत नाहीत.

तुमच्याकडे पुरावा शोधायला वेळ लागतोय, पण इथे रोज नवा सापडतोय. फुलाबाईंनी चतुराबाईची ओवी आणली, आज्जीकडून ऐकलेली म्हणे. ओवी गोड आहे, पण तिच्यात ग्रामसभा आणि पत्रे दोन्ही आहेत. मग सुमनबाईंच्या बाजूने वंशावळ आली. भाच्याने मोबाईलवर बनवली. तिच्यात चतुराबाईचा फोटोसुद्धा आहे. मी नीट बघितलं तर त्या भाच्याच्या चुलत सासूबाई निघाल्या.

कोंडाजीआबांनी आता असं काढलंय की सगळ्यांनी मिळून नाशिकला जाऊ आणि कागद डोळ्यांनी बघू. येत्या २ फेब्रुवारीला, रविवारी, दोन जीप ठरल्या आहेत. एकीत लेकी, दुसरीत सुना. आबा पुढच्या सीटवर. तुम्ही तेवढे रुमाल सोडून ठेवा.

सर, एक मनातलं सांगते. लेक की सून, याचं मला काही पडलेलं नाही. ती बाई होती, एवढंच मला पाहिजे. एकेचाळीस जणी तिच्या नावावर घराबाहेर पडल्या आहेत. ती नव्हतीच असं निघालं तर आबा त्यांना हसून हसून परत चुलीपाशी पाठवतील, आणि ती गोष्ट त्यांना सांगणारी मीच आहे. मला रात्रीची झोप नाही.

हर्षाली

*

पंचवटी
२१ जानेवारी २०२५

प्रिय भिकन,

सात वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामासाठी, याची लाज वाटते. नांदगावला लेकीकडे, सवितेकडे, बरा आहेस ना? गुडघे काय म्हणतात?

आता मुद्द्यावर येतो. १९९१ चा तिसरा अंक आठव. प्राध्यापक महाशयांनी ऐन वेळी अर्धा लेख मागे घेतला, अर्धं पान कोरं राहिलं, आणि नानासाहेब संध्याकाळी अंक बघायला येणार होते. मी तुला म्हणालो, ‘भिकन, जुन्या दप्तरातलं काहीतरी काढ आणि खिळे जुळव,’ आणि समोर मिसळ खायला गेलो. परत आलो तोवर फर्मा मशिनवर चढला होता. मी ते पान वाचलं नाही. अख्ख्या कारकिर्दीत न वाचता छापलेलं ते एकच अर्धं पान, भिकन, आणि लोकांनी नेमकं तेच वाचलंय. माझे बाकीचे एकशे ऐंशी लेख वाळवीने वाचले.

तुझ्या चतुराबाईने खडकदऱ्यात रान पेटवलंय. सोबत तिथल्या बाईंची पत्रं जोडतो. दहा दिवस मी रुमाल सोडतोय आणि बांधतोय. एकशे चौदा झाले. धुळीने खोकला लागला, पण चतुराबाई कुठे नाही. दोन तारखेच्या रविवारी दोन जीप भरून माणसं इथे येणार आहेत आणि मला दारात उभं राहून त्यांना काहीतरी सांगायचं आहे.

तेव्हा तू मला एवढंच लिही, की ते तू एका कागदावरून घेतलंस. कुठला कागद, तेही लिही. तो नंतर हरवला असला तरी चालेल.

तुझा,
वासुदेव गायधनी

*

नांदगाव
२५ जानेवारी २०२५

साहेबांना भिकनचा रामराम.

बोलतो तसं लिहितो. पस्तीस वर्षं तुमच्यासाठी शुद्धलेखन केलं, आता माझ्यासाठी नाय करणार.

कागद नव्हता. चतुरा माझी आज्जी. बापाची आई.

तुमाला कधी सांगितलं नाय, कारण तुमी कधी इचारलं नाय. मी खडकदऱ्याचाच. आज्जी आग्रा रोडवर खडी फोडणाऱ्या टोळीसंगं आली. टोळी पुढं गेली, ती पोटुशी व्हती म्हणून मागं ऱ्हायली ती ऱ्हायलीच. गावाची लेक नाय आन् सून बी नाय. कुणाचीच नव्हती. फौज नाय का सरदार नाय. सडकेच्या ठेकेदारानं लेकीच्या लग्नाला गावची काहील मागून नेली आन् वरीस झालं तरी परत देईना. गडीमाणसं त्याला भ्यायची आन् बायांना घरचे सोडीनात. आज्जीला सोडणारं बी कुणी नव्हतं आन् अडवणारं बी नव्हतं. ती नाशकापर्यंत चालली, तीन दिस. तिथं ठेकेदाराच्या दुसऱ्या लेकीचं लगीन चाललं व्हतं. ही जाऊन काहिलीत बसली. वऱ्हाड जेवणासाठी खोळंबलं. मंग त्यानं काहील गाडीत घालून दिली.

काहील आली तवा गावानं जेवण घातलं. आज्जीला शेवटच्या पंगतीला वाढलं, तळाची आमटी. ती हसून सांगायची, मी ऐकून घ्यायचो. बाप पुढं आमाला घेऊन नाशकाला आला, तिथून मी छापखान्यात.

साहेब, पस्तीस वर्षं मी तुमचे राजे जुळवले. सरदार जुळवले, त्यांचे हत्ती जुळवले, त्यांच्या हत्तींची नावं जुळवली. त्या दिशी म्हटलं, अर्ध्या पानात आज्जी बसती का बघावं. बसली. शके घातलं आन् सरदार घातला, कारण ठेकेदार तुमी छापला नसता.

एक गोष्ट हाय. आज्जी म्हणायची, येताना तिनं तांबट आळीत काहिलीच्या बुडाला कायतरी कोरून घेतलंय. मी काय ते पाह्यलं नाय. भरली काहील उलटी कोण करतं?

तुमच्या नावाला बट्टा लागंल असं वाटत असंल तर माझं नाव सांगा. मी येऊन हुबा ऱ्हातो.

भिकन

*

पंचवटी
२८ जानेवारी २०२५

हर्षालीताई यांस,

मागच्या पत्रात मी ‘कागद असणारच’ असे लिहिले. कागद नाही. कधीच नव्हता. ते पान मी न वाचता छापले, कारण मी मिसळ खायला गेलो होतो. हे वाक्य आजवर कुणाला सांगितले नव्हते. तुम्हाला लिहिताना चार कागद फाडले.

भिकन सोनवणे यांचे पत्र सोबत जोडले आहे. ते आमचे जुने जुळारी, म्हणजे खिळे जुळवून पाने उभी करणारे. पत्र आधी तुम्ही एकट्या वाचा, मग चावडीवर मोठ्याने वाचा. शके चुकीचे आहे, सरदार खोटा आहे, फौजही खोटी आहे. बाई खरी आहे, असे माझे मन सांगते. पण संपादकाच्या मनाला पुरावा म्हणत नाहीत, आणि कोंडाजीआबांचा कागद मागण्याचा हक्क मला नाकारता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मागितला असता.

काहिलीचे बूड घासून पाहा. चिंच आणि मीठ घ्या, लोखंडी काहीही लावू नका. जास्त आशा ठेवू नका. इतकी वर्षे चुलीवर चढलेल्या तांब्यावर अक्षर राहते की नाही, मला ठाऊक नाही. काही निघाले तर ते ‘गतवृत्त’मध्ये छापीन, आणि काही नाही निघाले तर माझी चूक छापीन. माझ्यामुळे त्या एकेचाळीस जणींवर कुणी हसणार असेल, तर मी येऊन सांगेन की हसायचे ते मला हसा. रविवारी जीप आल्या तरी दार उघडे आहे.

वासुदेव गायधनी

*

खडकदरा
३ फेब्रुवारी २०२५

सर,

जीप आल्या नाहीत हे तुमच्या लक्षात आलंच असेल. का आल्या नाहीत ते सांगते.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. तुम्ही सांगितलं तसं आधी एकटीने वाचलं. शनिवारी संध्याकाळी चावडीवर दोन्ही पत्रं वाचली, एक अक्षर न गाळता. फौज खोटी म्हटल्यावर आबा खुदकन हसले. तळाची आमटी आली तेव्हा मात्र कुणीच हसलं नाही. फुलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

रविवारी सकाळी जीपमध्ये बसायच्या ऐवजी सगळे देवळात आले. आठ माणसं पाहिजे होती, पंचवीस आली. काहील उलटी केली. चिंच कुणी मागितली नव्हती तरी घराघरातून आली. लेकी एका बाजूने घासत होत्या, सुना दुसऱ्या बाजूने, आणि मधे कुणी सरायला तयार नाही. दोन तास नुसतं काळं पाणी निघत होतं. मी देवळाच्या पायरीवर बसून बदलीचा अर्ज मनातल्या मनात लिहीत होते.

मग सुमनबाईंनी हाक मारली. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं होती. आबांनी सगळ्यांना मागे सारलं, खाली बसले, मोबाईलचा उजेड पाडला आणि बोट ठेवून स्वतः वाचलं. फोटो पाठवते, पण इथे लिहूनही देते:

‘सन १९३४. काहील मौजे खडकदरा गावची. पुन्हा नेली तर चतुरा पुन्हा येईल.’

 आबांनी ते पुन्हा एकदा बोट ठेवून वाचलं. उठले तेव्हा टोपी झटकून म्हणाले, ‘सतरंजी मोठी आणावी लागंल.’ एवढंच बोलून ते घरी गेले.

आता राहिलं पहिल्या हाताचं. ती लेकही नाही आणि सूनही नाही म्हटल्यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा बघत होत्या. मग फुलाबाई माझ्याकडे वळल्या. ‘मंग पहिला हात या मास्तरीणबाईचा. गावात कुणाचीच नाय अशी आता हीच तेवढी हाय.’ सुमनबाई म्हणाल्या, बरोबर. सर, मी रडले, हे तुम्हाला कळवायला हरकत नाही.

बारा तारखेला तुम्ही दोघं या. भिकनबाबांना घेऊनच या. जेवायच्या वेळेआधी या, हे गावाने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

हर्षाली

*

पंचवटी
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय भिकन,

जत्रेहून आल्यापासून खोकला गेला. ती आमटी औषधी असावी.

पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर तुला बसवलं आणि फुलाबाई वाढायला वाकल्या, तेव्हा तू पानाकडे बघत राहिलास, हात लावेनास. मी शेजारीच बसलो होतो. मला वाटलं, मीठ कमी आहे. मी नेहमीप्रमाणे चुकीचं वाचलं. मग तू भात कालवलास आणि तीनदा आमटी मागून घेतलीस, तेव्हा उमगलं. भिकन, पस्तीस वर्षं आपण एका खोलीत बसलो. मी तुला पेशव्यांच्या घोड्यांचे रंग सांगत होतो आणि तुझी आज्जी कोण, हे विचारलं नाही. त्याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

पुढच्या अंकात तुझा लेख येतोय, पहिल्या पानापासून, पूर्ण आठ पानं. तू सांगितलंस आणि शाळेच्या बाईंनी लिहून घेतलं, तसाच. अनुक्रमणिकेत ‘भिकन कारभारी सोनवणे’ असं छापतोय. आणि शेवटच्या पानावर हे. मुद्रित तपासून पाठव. या वेळी मी तीनदा वाचलंय.

‘शुद्धिपत्र. वर्ष ३४, अंक ३, पृष्ठ ४७, “जुन्या दप्तरातून”. “शके १७१२” याऐवजी “सन १९३४” असे वाचावे. “सरदार” याऐवजी “सडकेचा ठेकेदार” असे वाचावे. “फौज” याऐवजी “वऱ्हाड” आणि “छावणी” याऐवजी “लग्नमांडव” असे वाचावे. “चतुराबाई” हे नाव आहे तसेच वाचावे. पुरावा: काहिलीचे बूड. हा मजकूर छापण्यापूर्वी संपादकांनी वाचला नव्हता. तो त्यांनी चौतीस वर्षांनी वाचला, याबद्दल ते वाचकांची आणि जुळाऱ्यांची क्षमा मागतात.’

तुझा,
वासुदेव

*

नांदगाव
२४ फेब्रुवारी २०२५

साहेबांना रामराम.

मुद्रित तपासलं. शुद्धिपत्रात चूक नाय. फकस्त शेवटी ‘जुळाऱ्यांची’ लिहिलंय तिथं ‘जुळाऱ्याची’ करा. मी एकटाच व्हतो, तुमी मिसळ खायला गेलता.

अनुक्रमणिकेत माझं नाव तपासता येईना. दोनदा बघितलं, दोन्ही वेळा चष्म्यावर पाणी. सविताकडून वाचून घेतलं, ती म्हणती बरोबर हाय.

आमटीत मीठ बरोबर व्हतं.

अंकात कुठं अर्धं पान कोरं ऱ्हायलं तर कळवा. आज्जी आजून लय बाकी हाय.

भिकन